पालखीच्या उलट्या वाटेनं

पालखी जिकडून येते तिकडं तोंड करून उभे राहा. नातेपुत्याचा हा रस्ता तुम्ही जन्मभर एकाच दिशेनं वाहताना पाहिलाय. आषाढात माउली फलटण, बरड, धर्मपुरी करत येतात, गावात मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी माळशिरसची वाट धरतात. तुमचे पणजोबा या रस्त्यानं उलटे गेले होते. आज त्यांच्या मागं जायचंय.

साल १९१२. डांबर पुसून टाका, एसटी स्टँड पुसून टाका, उसाचे फड पुसून टाका. नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी या शिवारात यायला अजून अवकाश आहे. दोन्ही बाजूंना माळ, कुसळं, मधूनच बाजरीची विरळ ताटं. फुफाट्यात पाय घोट्यापर्यंत रुततात. पुढं एक पोरगा चाललाय: गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, खांद्यावर घोंगडी, फडक्यात बांधलेल्या भाकरी. तो विशीत आहे. तुमच्याहून लहान. घरात त्यांचं नाव आदरानं घेतात, पण या वाटेवर त्याला ‘तो’च म्हणू या, कारण त्याला अजून मिशीही नीट फुटलेली नाही.

तो फलटणला धर्मशाळेत रात्र काढेल, तरडगाव ओलांडून लोणंदला पोचेल आणि तिथं आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसेल. भरतीच्या जागी त्याची उंची मोजतील, छाती मोजतील, दात बघतील. कारकून शीट रोलवर लिहील: नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, अंगावरची खूण. पगार महिना ११ रुपये, आणि पोटापाण्याचा खर्च त्यातूनच. शिपायाला फुकट रेशन मिळायला १९१७ साल उजाडावं लागलं. तरी ११ रुपये म्हणजे दर महिन्याला ठरलेले ११ रुपये, आणि जिराईत शेतीत ठरलेलं असं काहीच नसतं. तो का गेला, याचं उत्तर तुम्हाला कुठल्याही दप्तरात मिळणार नाही. ते या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतंय.

कारकुनाच्या खांद्यावरून वाकून तो कागद वाचून घ्या, कारण तुमच्या काळात तो तुम्हाला मिळायचा नाही. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांचे वैयक्तिक कागद फार थोडे उरलेत. पंजाबातल्या घरांचं नशीब जरा बरं. तिथल्या सरकारनं गावोगावच्या सैनिकांची रजिस्टरं केली होती, ती लाहोरच्या संग्रहालयात राहिली आणि त्यातली ३ लाख २० हजारांच्या आसपास नावं २०२१ पासून संगणकावर येऊ लागली. तुमच्याकडं तसं काही नाही. तुमच्याकडं एक तारा आहे आणि आजीचं एक वाक्य.

तारा आधी बघू. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या खणांच्या घडीखाली सापडलेला, ब्राँझचा, काळवंडलेला. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी, वर मुकुट आणि मधोमध १९१४-१५. सोबत चांदीचं एक पदकही मिळालं असणार, पण चांदीला सराफाकडं भाव असतो आणि दुष्काळ दर काही वर्षांनी येतो. ब्राँझला कुणी विचारलं नाही, म्हणून तारा राहिला. तो उलटा करा. पाठ सपाट आहे. तिच्यावर ठोकलेली बारीक अक्षरं खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरा: एक नंबर, हुद्दा शिपाई, इंग्रजी स्पेलिंगमध्ये वेडंवाकडं झालेलं नाव आणि शेवटी ‘११७ मराठाज’.

एवढ्यावर दार उघडतं. हा तारा ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत प्रत्यक्ष रणभूमीवर पोचलेल्यालाच मिळे. आणि ११७ म्हणजे १९१४ सालच्या सहा मराठा पलटणींपैकी एक: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. कंपन्या दख्खनी मराठ्यांच्या, कोकणी मराठ्यांच्या, दख्खनी मुसलमानांच्या. या सहाही पलटणी १९२२ मध्ये एका रेजिमेंटखाली आल्या आणि तिचं केंद्र बेळगावात बसलं. ते आजही तिथंच आहे. ११७ ही पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये, सोळाव्या ब्रिगेडमध्ये होती. ती ब्रिगेड तुर्कांशी लढायला बसऱ्याकडं गेली, हे जगजाहीर आहे. ब्रिगेडची युद्धदैनंदिनी लंडनमधल्या क्यू इथल्या अभिलेखागारात आहे. तिच्यात शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण तो कुठल्या दिवशी कुठल्या चिखलात होता ते कळतं.

आजीचं वाक्य वेगळं होतं. ‘आमचा सासरा जर्मनच्या लढाईत होता, जर्मनकडं रूळ टाकायला होता,’ असं ती सांगायची. घरातल्या शिकलेल्यांनी ते कधीच मनावर घेतलं नाही. शत्रूकडं कोण मजुरीला जाईल? ते वाक्य खिशात ठेवा.

ऑक्टोबर १९१४. मुंबईच्या धक्क्यावर जहाजात खेचरं चढवताहेत. एक खेचर पट्ट्यात लटकून वर जातंय, चारी पाय हवेत, आणि नातेपुत्याचा पोरगा तोंड वर करून त्याच्याकडं बघतोय. कुठं जायचंय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. जहाज इराणच्या आखातात शिरतं. ६ नोव्हेंबरला फावचा किल्ला पडतो आणि महिना संपायच्या आत बसरा इंग्रजांच्या हाती येतं. तुम्ही त्याच्या पाठोपाठ खजुराच्या बागेतून चाललाय. पायाखाली ओला गाळ, डोक्यावर माश्या, पाण्याला खारट वास. माळावर वाढलेल्या माणसाला एवढं पाणी एका जागी साचलेलं पाहून काय वाटलं असेल? पुढच्या एप्रिलमध्ये तर बसरा आणि शैबा यांच्यामधला सगळा पट्टा पुराखाली गेला आणि दाणागोटा बेलम नावाच्या होड्यांतून न्यावा लागला. १२ ते १४ एप्रिल १९१५, शैबाची लढाई. शेवटच्या दिवशी बर्जिसियाच्या झाडीतल्या तुर्की खंदकांवर उन्हात चालून जायचं होतं आणि सोळावी ब्रिगेड त्यात होती. तिथं तुम्ही जमिनीला चिकटून पडा. मृगजळात समोरचं काही दिसत नाही, गोळ्या मात्र येताहेत.

या लढाया भरभर मागं टाकू. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि ते बहुतेक सगळं साहेबांनी साहेबांविषयी लिहिलंय. एकाच ठिकाणी थांबा: २२ नोव्हेंबर १९१५, टेसिफोन. बगदाद हाकेच्या अंतरावर. जुन्या इराणी राजवाड्याची विटांची प्रचंड कमान मोकळ्या मैदानात एकटी उभी आहे आणि तिच्या आसमंतात सहाव्या डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड यांची चार हजारांहून अधिक माणसं ठार किंवा जखमी होतात. जखमींना न्यायला स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्या. लोखंडी पट्ट्यांच्या तळावर माणसं आडवी टाकलेली, प्रत्येक खड्ड्यात गाडीभर माणसं एकदम ओरडतात. तो त्या गाडीत नाही. गाडीशेजारून चालतोय, एका हातानं कड धरून. आत त्याच्या कंपनीतलं कुणी असेल, कदाचित त्याच्याच तालुक्यातलं.

३ डिसेंबरला माघार घेतलेलं सैन्य कुत-अल-अमारा गाठतं. तैग्रिसच्या वळणात तीन बाजूंनी पाण्यानं घेरलेलं गाव. ७ तारखेला चौथी बाजू तुर्क बंद करतात. तिथून जवळपास पाच महिने.

इथं तुम्हाला राहायचंय. जानेवारीत पाऊस, खंदकात कमरेएवढं पाणी. मग भूक. पीठ कमी होत जातं, तूप संपतं, भाजी नाहीच. हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा उकलतात. तोफखान्याचे घोडे मारून खायचा हुकूम निघतो. हिंदू आणि मुसलमान शिपाई नकार देतात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून हरकत नसल्याचे संदेश बिनतारी यंत्रावरून येतात, तरी बरेच जण एप्रिल उजाडेपर्यंत मान हलवतात. साहेबांनी याला हट्ट म्हटलं. पण माघारी गेल्यावर पंगतीत बसू देतील का, हा प्रश्न गावी शेत आणि सोयरीक असलेल्या माणसाला उपासमारीतही सुटत नाही. त्यात मला हट्ट दिसत नाही. तो जिवंत परत जायचं ठरवून बसला होता, आणि परत जाणं म्हणजे गावात परत जाणं.

त्या वर्षी चैत्र पाडवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. म्हणजे शुद्ध द्वादशी १४-१५ एप्रिलच्या सुमारास. त्या दिवशी एक पाय कुतमध्ये आणि एक पाय घरी ठेवता येईल का बघा. नातेपुत्याहून शिखर शिंगणापूरचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी कोथळ्यापाशी कावडी गोळा झाल्यात, सासवडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटात लागलीय, माणसं हाताची साखळी करून तिला खडकांवरून वर चढवताहेत आणि ‘हर हर महादेव’चा गजर खालच्या गावांपर्यंत येतोय. त्याची बायको उंबऱ्यात उभी राहून तिकडं बघतेय. नवरा बसऱ्याला आहे एवढंच तिला माहीत. त्याच दिवसांत, १५ एप्रिलपासून, कुतवर विमानांतून पोती पडू लागली. वेढ्यातल्या सैन्याला आकाशातून रसद पोचवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. त्याच्या वाट्याला दिवसाचं पावशेराहून कमी पीठ आलं. ते त्यानं कसं भाजलं ते बघा: डबड्याच्या झाकणावर, ज्येष्ठमधाच्या मुळ्यांच्या जाळावर. बाकी सरपण केव्हाच संपलं होतं.

२९ एप्रिल १९१६. तोफा आधीच फोडून टाकल्यात. पांढरं निशाण चढतं. सोडवायला आलेल्या फौजेनं बाहेर २३ हजारांच्या आसपास माणसं गमावली, ती आतल्या १३ हजारांसाठी, आणि तेही सुटले नाहीत. टाउनशेंडना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपाई चालत निघाले.

ब्रिगेडचा कागद इथं संपतो. तुमच्या शोधातला सर्वांत अवघड टप्पा हाच. पलटण पुढं नव्या भरतीवर पुन्हा उभी राहिली, १९२१ मध्ये तिला ‘रॉयल’ हा किताबही मिळाला. पण तुम्हाला पलटण नकोय, माणूस हवाय.

मग तुम्ही मेलेल्यांत शोधता. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी संगणकावर कुणालाही पाहता येते. नाव टाका, नाही. नाव वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाका, कारण कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलंय. जिल्हा शोलापूर घाला. मग साताराही घालून बघा, कारण माळशिरसच्या कडेची गावं सातारच्या हद्दीला लागून आहेत आणि लिहिणाऱ्याला शीव माहीत नव्हती. पलटणीनं चाळा. शिपायांमागून शिपाई येतात, अमक्याचा मुलगा, राहणार तमकं, जिल्हा सातारा, रत्नागिरी, शोलापूर. बहुतेकांपुढं एकच ठिकाण: बसरा स्मारक.

त्या स्मारकाबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. १९२९ मध्ये ते उभं राहिलं. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४० हजारांवर माणसांसाठी. दगडावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा कोरला. नावं वह्यांत होती, भिंतीवर आली नाहीत. २०२१ मध्ये कमिशनच्याच चौकशी समितीनं कबूल केलं की हिंदुस्थान आणि आफ्रिकेतल्या निदान ४५ हजार मृतांची आठवण अशी असमान ठेवली गेली आणि लाखाहून अधिक जणांची नावानिशी नोंदच झाली नाही. सद्दाम हुसेनच्या हुकमानं १९९७ मध्ये ते स्मारक बसऱ्यातून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. आपल्या लोकांची तिथली जागासुद्धा स्थिर राहिली नाही. याचा राग यावा, आणि तो धरून ठेवावा असं मला वाटतं.

तुमच्या माणसाचं नाव या यादीत नाही. याचे अर्थ दोन: एक तर लिहायचं राहिलं, नाहीतर तो मेला नाही.

आता खिशातलं वाक्य काढा. जर्मनकडं रूळ टाकायला होता.

मे १९१६, समाराच्या पुढची वाट. बगदादहून समारापर्यंत कैद्यांना गाडीनं आणलं, पुढं शेकडो मैल पायी: मोसूल, निसिबिन आणि शेवटी सीरियाच्या सीमेवरचं रास-अल-ऐन. बूट बिस्किटांच्या मोबदल्यात गेले. पायाला चिंध्या. जो मागं राहतो तो राहतोच. कडेच्या विहिरींकडं बघू नका. आदल्या वर्षी या वाटेनं आर्मेनियन लोकांना हाकलत नेलं होतं आणि काही विहिरी प्रेतांनी भरलेल्या आहेत. शिशिर सर्वाधिकारी नावाचा बंगाली तरुण रुग्णसेवेच्या तुकडीतून याच वेढ्यात सापडला, याच वाटेनं चालला, चोरून टिपणं ठेवली आणि पुढं बऱ्याच वर्षांनी ‘अभि ले बगदाद’ या नावानं ती छापली. मराठी शिपायानं लिहिलेलं तसं पुस्तक माझ्या वाचनात नाही. असतं तर ते मी आधी तुमच्या हातात ठेवलं असतं.

रास-अल-ऐनला काय होतं? बर्लिनहून बगदादला न्यायच्या रेल्वेचं टोक. रूळ पुढं निसिबिनकडं सरकवायचे होते आणि हिंदी कैद्यांना त्या कामावर घातलं. रेल्वेची कंपनी जर्मन, इंजिनिअर जर्मन, मजुरी मोजून देणारा जर्मन. पहारा तेवढा तुर्की. बघा तो दिसतोय का: खडीच्या ढिगाशी, अंगात पोत्याचा सदरा, दोघंजण मिळून एक स्लीपर उचलताहेत. कुतच्या हिंदी कैद्यांपैकी अडीच हजारांहून अधिक जण कैदेत मेले. हा मेला नाही. आजीनं एक अक्षरही चुकीचं सांगितलं नव्हतं. घरात ते शंभर वर्षं पडून होतं आणि जुळवणारं कुणी नव्हतं.

३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कांशी युद्धविराम झाला. कैदी टप्प्याटप्प्यानं सुटले. १९१९ मध्ये तो लोणंदला उतरतो आणि चालू लागतो, या वेळी पालखीच्याच दिशेनं. तुम्ही आधी गावात पोचा. कारण गावात जे घडलंय ते त्याला माहीत नाही.

त्यासाठी लष्कराचं दप्तर सोडून माळशिरसच्या तहसील कचेरीत यावं लागतं. अभिलेख कक्षात कापडात बांधलेले रुमाल रचून ठेवलेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती २०२३ मध्ये नेमली गेली आणि महाराष्ट्रभर असे रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. त्या शोधाचा हेतू वेगळा. पण तीच कोतवाल बुकं, तेच गाव नमुना १४, सैनिकाच्या घराची गोष्टही सांगतात. अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, मोडी जाणणाऱ्याला शेजारी बसवा.

‘साल कोणतं?’ तो विचारतो.

‘अठरा. भादवा-आश्विनापासून बघा.’

तो बोट ठेवून वाचत जातो आणि त्याचा आवाज हळूहळू सपाट होतो. एकाच पानावर एकाच घरातली माणसं. मयताचं कारण: ताप. ताप. ताप. लोक या साथीला मानमोडी म्हणत. जूनमध्ये मुंबईला जहाजांबरोबर आलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरात खेड्यांत पसरला आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. त्यात पाऊसही दडी मारून बसला होता, घरात दाणा नव्हता. तुमच्या आडनावाच्या ओळी येतात: त्याचा बाप, त्याचा धाकटा भाऊ, आणि ‘भ्रतार लढाईवर’ अशी खूण असलेली एक बाई, वय अंदाजे बावीस. चैत्रात उंबऱ्यात उभी होती ती. तुमच्या वंशावळीत तिचं नाव नाही. तुम्ही दुसरीचे वंशज आहात. हे नाव लिहून घ्या. घरात ते उच्चारलं जाऊन शंभर वर्षं झाली असतील.

फेरफाराच्या वहीत पुढची नोंद १९१९ ची आहे. मयताचे वारस म्हणून एकच नाव लागतं, शेताच्या सर्व्हे नंबरापुढं. खाली अंगठा नाही, सही आहे. पलटणीच्या शाळेत शिकलेली असावी.

ही नक्कल घेऊन तुम्ही गावात येता तेव्हा बातमी आधीच पोचलेली असते. शेजारच्या आळीतले एक आजोबा परड्यातून काहीतरी पुसत आणतात.

‘आमच्याकडं बी हाय बघा. म्हातारी यावर हळदीकुंकू वाहायची. देवाची थाळी म्हनत हुती.’

विताहून लहान, ब्राँझची, गोल. सिंह, त्रिशूळधारी देवी आणि चौकटीत कोरलेलं मराठी माणसाचं पूर्ण नाव. मेलेल्याच्या वारसाला सरकारनं पाठवलेली ही थाळी. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास ओतल्या गेल्या. तिच्यावर हुद्दा नसतो, नंबर नसतो, पलटण नसते. ‘यावरनं काय कळंल?’ आजोबा विचारतात. तुम्ही ११७ ची यादी पुन्हा उघडता आणि शोलापूरऐवजी सातारा घालून पाहता.